गुलाबरावांचा अडकलेला जाइंट

गाडीखाली शिरण्याआधी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कानात अत्तराचा फाया ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी गुलाबराव. बाकीचं जग गाडीखालून निघाल्यावर आंघोळ करतं. गुलाबराव आधी करत आणि नंतरही करत.

अकोल्याच्या जुन्या शहरात आम्ही नवरा-बायको दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. मी शाळेत मास्तर. कुंपणापलीकडे गुलाबरावांचं घर. वडील आबाजी, आई, भाऊ, भावजया, पोरंसोरं; घरात पाय ठेवायला जागा नाही. आबाजींसमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. गुलाबरावांची बायको, वत्सलावहिनी, खांबाकडे बघून म्हणायची, "वाढलं म्हना." गुलाबराव खुंटीवरच्या कंदिलाला सांगायचे, "येतो म्हना." रात्री बायका-पोरं आत निजत आणि पुरुष ओट्यावर.

धंदा भाजीचा आणि फुलांचा. कुण्या इंग्रज साहेबानं देश सोडताना विकलेली मोटार आबाजींनी घेतली होती, आणि तिच्यातून वांगी, मेथी, झेंडू अमरावतीच्या बाजाराला जात. साहेबाच्या गादीवर मेथीच्या जुड्या ऐटीत बसलेल्या पाहिल्या की माझ्या पोटात दुखायचं. माझ्याकडे सायकल होती. तिचीही चेन पडायची.

या मोटारीच्या स्टेअरिंगचा एक जाइंट, ग्रीस घालायला काढायला जावं तर, दर रविवारी अडकलेला असे. चाक वळवणारा दांडा जिथं चाकाजवळ जोडलेला असतो तो सांधा. त्यातला निमुळता खिळा भोकात असा रुतून बसतो की नट काढला तरी हलत नाही.

"वढून निघत नाही थो," गुलाबराव मला शिकवत. "एका बाजूनं घण टेकवाचा, दुसऱ्या बाजूनं हातोडी माराची. हादरला का आपल्या मनानं सुटते. मामला नाजूक हाय, मास्तर!"

'मामला नाजूक हाय' हे त्यांचं पालुपद. वांग्याचा भाव पडला तरी मामला नाजूक, आणि चहात साखर जास्त झाली तरी नाजूकच.

आता घण टेकवून धरायला दुसरा माणूस लागतो. सुरुवातीला भावांनी धरून पाहिला. एकाचं बोट चेचलं, दुसऱ्याचा हात म्हणे हलत होता. मग गुलाबरावांनी जाहीर केलं की या घरात न हलणारा हात एकच आहे, आणि तो वत्सलावहिनींचा. आबाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. पण त्या घरात काम म्हटलं की सगळं माफ असे. "कामच हाय नं? मंग धरू दे," ते म्हणाले. तेव्हापासून दर रविवारी गोठ्यामागं, उन्हासाठी बांधलेल्या तरटाच्या आडोशाला वहिनी डोक्यावरचा पदर सावरत गाडीखाली जात, आणि सकाळभर ठण् ठण् चालू राही.

माझा खरा जळफळाट इथं होता. मोटारीचं एक वेळ सोडा. पण नवऱ्याच्या हौसेपायी बायको धुळीत आडवी होते, घण धरते, आणि बाहेर येताना तिच्या चेहऱ्यावर सणावाराला जाऊन आल्यासारखं तेज असतं! माझी बायको सुमन कुंपणाशी उभी राहून वर मलाच ऐकवायची, "पाहा, कसा जोडीनं संसार करून राह्यले थे." मी एकदा चेन चढवताना तिला सायकल धरायला बोलावलं. "माही भाजी करपून राह्यली," ती आतून म्हणाली. भाजी अजून चिरायचीच होती.

शेवटी मीच उपाय शोधला. मूर्तिजापूरच्या एका ओळखीच्या मिस्त्रीकडून जाइंट काढायचा पुलर आणला. दोन पंजे आणि मधे स्क्रू. स्क्रू पिळत गेलं की एकटा माणूस बसल्या बसल्या जाइंट मोकळा करतो. मी तो गुलाबरावांच्या हातात ठेवला आणि म्हणालो, "घ्या. आता वहिनीले तरास नको."

गुलाबरावांचा चेहरा पडला. "मामला नाजूक हाय," एवढंच ते पुटपुटले. पुढच्या रविवारी पाहतो तर पुलर गोठ्यातल्या खुंटीवर, आणि त्याच्या पंजांत लसणाची माळ अडकवलेली. आत ठण् ठण् चालूच. माझा असा संताप झाला की मी त्यांच्याकडची मेथी आठवडाभर घेतली नाही.

आणि मग आबाजींनीच मोटार विकायला काढली. अंजनगाव सुर्जीचा एक व्यापारी रविवारी सकाळीच ओट्यावर येऊन बसला.

"दर आइतवारी उघडा लागते अशी गाडी ठेवून काय करता?" आबाजी मला म्हणाले. "त्यापरीस बैलजोडी बरी. मास्तर, तुमी शिकेल मानूस. गुलाबले बलवा, आन् तुमीच सांगा इकाव का नाही थे."

आयुष्यात इतक्या आनंदानं मी कुणाचं काम केलं नसेल. तडक गोठ्यामागं गेलो, तरट बाजूला सारलं आणि वाकलो.

जाइंट केव्हाच सुटून पोत्यावर पडला होता. घणही बाजूला. गाडीखाली दोघं शेजारी शेजारी उताणी पडून बोलत होती. कालच गुलाबराव फुलं घेऊन अमरावतीला गेले होते, आणि वहिनींचं माहेर अमरावतीचं.

"मंग?" वहिनी विचारत होत्या.

"मंग काय, उन्हात बसली होती तुही माय. पाय सुजले हायेत. पन अर्धी भाकर खाल्ली माह्यासमोर. म्हने, वत्सलीच्या हातचं पिठलं खा वाटते."

वहिनींना हुंदका आला. पहिला त्यांनी पदरात दाबला, दुसरा दाबला जाईना. गुलाबरावांनी डाव्या हातात त्यांचा हात घेतला आणि उजव्या हातानं हातोडी उचलून नुसत्याच लोखंडावर हाणायला सुरुवात केली. ठण्! ठण्! ठण्!

"रडून घे," ते म्हणाले. "मी वाजवून राह्यलो नं."

मी तरट हळूच सोडलं आणि परत ओट्यावर आलो.

"काय म्हन्ते गुलाब?" आबाजींनी विचारलं.

"जाइंट लय घट्ट हाय आज. वेळ लागन."

"पाहा! हेच मी म्हन्तो. इकूनच टाकतो."

"इकू नका, आबाजी," मी म्हणालो, आणि तोंडाला येईल ते बोलत सुटलो. "ज्या गाडीचा जाइंट इतका घट्ट बसते, थे गाडी भक्कम. ढिल्ल्या जाइंटची गाडी रस्त्यात दगा देते."

व्यापारी मांडी मोडून पुढं सरकला. "असं हाय? मंग तं मी आताच्या आता नेतो. वाढवून सांगा!"

मी जीभ चावली. पण आबाजींनी हयात भाजीबाजारात घालवली होती. घेणारा उतावीळ झालेला दिसताच त्यांनी डोळे बारीक केले.

"काहून नेता?" ते म्हणाले. "इतकी भक्कम गाडी आमी काहून इकाव? चहा घ्या आन् निंगा."

मी घरी आलो. गुलाबरावांचा मला नेहमीच हेवा वाटे, पण त्या दिवशीइतका कधी वाटला नव्हता. त्यांना बायकोशी बोलायला चार हात जागा, तीही आठवड्यातून एकदा, तीही लोखंड बडवून मिळत होती. आम्हाला दोन खोल्या होत्या. ना सासू, ना सासरा, ना दीर. दिवसभर, रात्रभर बोलायची मुभा होती. आणि आम्ही बोलत होतो ते दुधाबद्दल.

सुमन सूप घेऊन तांदूळ निवडत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसलो.

"काय पाह्यजे?" ती म्हणाली.

"काई नाही."

"मंग असे बसले काहून? बरं नाही काय तुमाले?"

"बरा हाय."

मी सुपातले खडे वेचू लागलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग सूप बाजूला ठेवलं.

"बोला न मंग," ती म्हणाली.