नळबाबांचा धबधबा

“पाण्याला एकदा कळलं पाहिजे, की समोर कोण उभा आहे,” नळबाबा म्हणाले. “मग ते मान खाली घालून आपण सांगू तिथे जातं.”

सूनबाई हातातला चहाचा कप तसाच धरून ऐकत राहिली. वर्षभरात सासरे तिच्याशी इतकं लांबलचक प्रथमच बोलत होते. एरवी ती “चहा ठेवू का?” म्हणे, ते “ठेव” म्हणत, आणि दोघंही मोठं काम उरकल्यासारखे आपापल्या खोलीत जात.

नळबाबांनी जन्मभर एकच काम केलं होतं. गळणारं पाणी थांबवायचं. आता हत्यारं तेलपाणी करून भिंतीवर टांगली होती, पण हात काही निवृत्त झाले नव्हते. घरातले नळ त्यांनी असे आवळून ठेवलेले, की पाहुण्याला हात धुवायचे तर आधी बाह्या सरसावाव्या लागत. त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. या काकू भांडी घासायला उभ्या राहिल्या की शेजारी पक्कड ठेवत. त्या घरात थेंब पडल्याचा आवाज म्हणून कधी कुणी ऐकला नव्हता.

मुलाच्या लग्नाची बोलणी करायला गेले, तर मुलीकडच्या स्वयंपाकघरात एक नळ पालथ्या ताटलीवर टपटप करत बसलेला. नळबाबांना ना मुलगी दिसली, ना मुलीचे आईवडील. उजवा हात आपला खिशातल्या पान्ह्याकडे सरकायला लागला. तेव्हा काकूंनी त्यांचा गुडघा असा दाबला, की लग्नाच्या दिवशीसुद्धा ते किंचित लंगडत होते.

ती मुलगी सून होऊन घरात आली ती आपले बेडूक घेऊन. कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची. बेडकांचं काचघर माणसाच्या उंचीचं होतं आणि त्यानं बैठकीची अर्धी भिंत अडवली होती. आत शेवाळ, नेचे आणि एक वाकडं लाकूड. त्यात अंगठ्याएवढे बेडूक राहत. कोवळ्या पानाचा रंग, सोन्याच्या मण्यांचे डोळे, आणि बोटांच्या टोकांवर जणू दवाचे थेंब चिकटवलेले. त्यांना खाणं घालायला कोपऱ्यात एक स्टीलची वाटी होती. त्यांतल्या नराला सूनबाई ‘गवई’ म्हणे, कारण माहेरी तो रोज गायचा. स्वयंपाकघरात त्याचं काचघर असायचं आणि सगळं घर त्याच्या गाण्यावर जेवायचं.

सासरी आल्यापासून गवयानं तोंड उघडलं नव्हतं. आणि नर गायल्याशिवाय मादी काही अंडी घालत नाही.

“तो इथं सुखात नाही,” सूनबाई नवऱ्याला हळूच सांगत होती. “रविवारी माझी मैत्रीण येणार आहे. तिच्याकडे बाग आहे. सगळे तिलाच देऊन टाकते.”

नळबाबा वर्तमानपत्रामागे होते. वर्तमानपत्रामागच्या माणसाला ऐकू येत नाही असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे. त्यांना आठवलं, नवी नवी आली तेव्हा ही पोरगीसुद्धा कामं करता करता गुणगुणायची. कधी थांबली, कळलंच नाही. आता हे काचघर उचललं, की उरलंसुरलं तेही जाणार.

“अगं, वाहतं पाणी लागतं म्हणतात त्यांना,” मुलगा म्हणाला. “तयार धबधबे मिळतात. एखादा आणू या का?”

वर्तमानपत्र खाली आलं.

“घरात मी बसलोय,” नळबाबा म्हणाले, “आणि धबधबा बाहेरून आणणार?”

झालं. चहा घेऊन आलेल्या सूनबाईला पाणी कसं वळवायचं ते ऐकवलं आणि भिंतीवरची हत्यारं खाली उतरली. नळबाबा कमरेपर्यंत काचघरात शिरले आणि दोन दिवस घरच्यांना त्यांची फक्त पाठ दिसत होती. तळाशी पंप बसला, दगडांमागून पाइप वर गेला, पाइपाला वाटीच्या बरोबर वर पाणी चालू-बंद करायचा एक पितळी कॉक बसला. सूनबाई दगड देत होती, ते रचत होते.

“हा नको बाबा, टोकदार आहे. त्यांची कातडी नाजूक असते.”

“मग हा घे. हा गुळगुळीत आहे. माझ्या टकलासारखा.”

सूनबाई हसली. नळबाबांना पाच-सहा धबधबे बांधावेसे वाटले.

कॉक उघडला आणि पाणी दगडांवरून झुळझुळत उतरलं. गवई लाकडावरून दोन पावलं खाली आला, पाण्याकडे बघत राहिला. गळा जरासा फुगला. सगळे काचेजवळ वाकले. गळा पुन्हा बसला.

“सूर लावून बघतोय,” नळबाबा म्हणाले. “उद्या गाईल.”

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मजल्यावरचा शिंपी होता, गळ्यात मापाची फीत.

“बाबा, वरून पाण्याचा आवाज येतोय. तुमच्या घरातून! मी दोनदा कान लावला. माझाच विश्वास बसेना.”

“धबधबा आहे तो.”

“गळतीला आता असं म्हणतात होय?” शिंपी म्हणाला आणि फीत सावरत खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर सूनबाई कॉलेजातून आली, तर धबधबा गप्प. तोंड दाबलेल्या भुंग्यासारखी मोटर नुसतीच घुमत होती. कॉक बंद होता. नुसता बंद नव्हे. तो उघडायला नळबाबांना स्वतःला पान्हा घ्यावा लागला.

“कुणी केलं हे?” त्यांनी विचारलं.

सूनबाईला वाटलं, आवाजाचा त्रास होऊन सासूबाईंनी केलं असेल, म्हणून ती बोलली नाही. मुलाला वाटलं बायकोनंच केलं असेल, म्हणून तो बोलला नाही. काकूंनी एकदा नवऱ्याकडे नीट बघितलं आणि त्या भाजी निवडायला बसल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. आता मात्र नळबाबा चिडले. त्यांनी कॉकवर पत्र्याची डबी बसवली, डबीला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून स्वतःच्या गळ्यात घातली. शिवाय तिसऱ्या दिवशी दुपारचं जेवण झाल्यावर आपली आरामखुर्ची ओढून काचघरासमोर ठेवली.

“आज मी पहाऱ्यावर आहे,” त्यांनी जाहीर केलं. “बघतोच कोण येतो ते.”

संध्याकाळी मंडळी घरी आली. पहारेकरी तोंड उघडं टाकून घोरत होता. कुलूप उघडं लोंबत होतं. कॉक बंद.

“किल्ली?” मुलानं विचारलं.

नळबाबांनी गळा चाचपला. किल्ली जागच्या जागी होती. त्यांची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती आणि बोटांना शेवाळ लागलं होतं, पण सूक्ष्म गोष्टींकडे लक्ष देण्याची ती वेळ नव्हती.

“सुईनं उघडलंय हे कुलूप,” ते गंभीरपणे म्हणाले. “आणि या इमारतीत सुया कुणाकडे असतात?”

कुणी अडवायच्या आत ते जिने उतरले. शिंपी मशीनवर बसला होता.

“माझ्या धबधब्यावर तुझा डोळा आहे.”

“तुमच्या धबधब्याचा माझ्या छताला धाक आहे, तो आधी बघा,” शिंपी म्हणाला. “मी दिवसभर इथनं हललो नाही. विचारा गिऱ्हाइकांना.”

“सुई कुठाय तुझी?”

“ही मशीनला. काढून देऊ? बाबा, तुमचा सदरा माझ्याकडे आलाय ना बाह्या आखूड करायला? दोन्ही बाह्यांची तोंडंच शिवून टाकतो. मग बघू कोण कॉक फिरवतं.”

हे तो रागानं बोलला. आपण किती नेमकं बोललो, हे त्या बिचाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

शनिवार उजाडला. सूनबाईनं कुणाला न सांगता आपला मोबाइल फडताळात पुस्तकांना टेकवून ठेवला आणि दुपारचं सगळं टिपून घेतलं. संध्याकाळी सगळे त्या एवढ्याशा पडद्याभोवती जमले. शिंपीही आला होता. नाव साफ करून घ्यायचं होतं त्याला.

पडद्यावर नळबाबा झोपले होते. मग ते उठले. डोळे गच्च मिटलेले. गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं, हात आत घालून कॉक आवळला. खिशातून पान्हा काढून वर आणखी एक पीळ दिला. पाइपाला कान लावला, समाधानानं मान हलवली, किल्ली पुन्हा गळ्यात घातली. जाता जाता लाकडावर बसलेल्या गवयाकडे वळून ते नम्रपणे म्हणाले, “पुन्हा गळला तर निरोप द्या.”

आणि खुर्चीत जाऊन घोरायला लागले.

शिंपी हसता हसता खालीच बसला. मुलगा भिंतीकडे तोंड करून हसत होता. नळबाबा कुणाकडे बघावं ते न कळून बायकोकडे बघायला लागले.

“मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या.

“तुला ठाऊक होतं?”

“लग्न झालं त्या आठवड्यातच तुम्ही झोपेत उठून माझ्या माहेरचे नळ आवळून आला होतात. मी तेव्हाच गाणं जोडून ठेवलं होतं,” असं म्हणून काकूंनी भाजीच्या सुरीनं ताल धरला:

“थेंब वाजला वाजला, धनी झोपेत चालला,
मिटल्या डोळ्यांनी गं बाई, त्यानं नळ आवळला.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं, तुम्ही जाणूनबुजून करता.”

हसू ओसरलं, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की सूनबाई हसत नाहीये. ती मैत्रिणीसाठी बेडकांचा प्रवासाचा डबा पुसत होती. “जाऊ द्या बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही मुद्दाम थोडंच केलं.”

रविवारी सकाळी नळबाबांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. कॉक काढूनच टाकला. बंद करता येणार नाही असा पाइप! नुसत्या कल्पनेनं त्यांनी तोंड फिरवलं. कसाबसा जोड बसवला, दोन वेढे टेप गुंडाळली आणि ते बाजूला झाले. धबधबा धो धो वाहायला लागला.

गवई लाकडावर पाठ करून बसला होता.

दार वाजलं. मैत्रीण आली. चहा झाला. हवापाण्याच्या गप्पा संपल्या. सूनबाईनं डबा उचलला, काचेचं दार सरकवलं आणि हात आत घातला.

टप.

सगळ्यांनी वर बघितलं. कॉक काढला तिथला जोड पाझरत होता. नळबाबांनी बसवलेला जोड, आणि पाझरत होता. एक थेंब फुगला, लोंबला, आणि खालच्या स्टीलच्या वाटीत पडला. टप. मग दुसरा. टप.

गवई वळला. त्याचा गळा फुगला, आणखी फुगला, फुग्याएवढा झाला, आणि त्या एवढ्याशा जिवातून असा खणखणीत सूर निघाला, की मैत्रिणीच्या बशीतला चमचा वाजला.

सूनबाई हात तसाच आत धरून उभी होती. “आमच्या स्वयंपाकघरातला नळ,” ती पुटपुटली. “ताटलीवर गळायचा. तो त्याच्या तालावर गायचा. आणि या घरात एक थेंबसुद्धा...”

पुढचं तिला ऐकायला कुणी मोकळं नव्हतं, कारण नळबाबांचा उजवा हात, टेप आणि पान्हा घेऊन, जोडाच्या दिशेनं निघाला होता. बिचारे जागे होते, तरीही. सूनबाईनं झटकन त्यांचं मनगट पकडलं.

“बाबा! खबरदार हात लावाल तर!”

गवई तेवढा गात होता. सूनबाईची जीभ दातांखाली गेली. आणि नळबाबा? कुणीतरी वर्षभराचा गंजलेला नट सैल केल्यासारखे ते हसले.

“रागावता येतं की तुला,” ते म्हणाले. “बरं झालं. आता घरातली वाटायला लागलीस.”

मैत्रीण रिकामा डबा घेऊन परत गेली. पंधरवड्यात मादीनं अंडी घातली. तीही इतक्या मेहनतीच्या धबधब्यात नव्हे, गळतीखालच्या त्या वाटीत. सूनबाई हल्ली पुन्हा गुणगुणते. सूर लागत नाही, पण गवयाची तक्रार नाही.

रात्री काकू खोलीला कुलूप लावून किल्ली उशाखाली ठेवत. प्रश्न उरला दुपारच्या झोपेचा. अंड्यांतून पोरं बाहेर येईपर्यंत नळबाबांना त्या घरात झोपू देणं शक्यच नव्हतं. शेवटी शिंप्यानं मोठं मन केलं. “माझ्याकडे टाका खुर्ची,” तो म्हणाला. “मशीनच्या आवाजात छान झोप लागते.”

आता जेवण झालं की नळबाबा उशी घेऊन खाली जातात. झोप छान लागते. फक्त शिंप्याच्या घरात गेले आठ दिवस कुणाची आंघोळ झालेली नाही. एकही नळ उघडत नाही. काकूंची पक्कड मागायला तो रोज वर येतो, आणि काकू म्हणतात, “थांब जरा, माझी भांडी व्हायचीत.”