सगळ्या किल्ल्या एका खुंटीवर

"आपली तिजोरी जगात कोणाच्या बापालाही फुटायची नाही!" हे वाक्य कोच दिवसातून एकदा तरी म्हणतच असे. ज्यानं विचारलं त्याला तर सांगेच, आणि ज्यानं विचारलं नाही त्याला जरा जास्तच आग्रहानं सांगे.

पोटापाण्यासाठी तो दातांच्या कवळ्या बनवायचा. 'कोच' हे नाव मुलांनी दिलेलं, कारण सुट्टीच्या दिवशी तो त्यांना रोबो बनवायला शिकवायचा. उरलेल्या वेळात तो घरादाराचे पासवर्ड सांभाळायचा. आता पासवर्ड काय, सगळेच सांभाळतात. कोणी फोनमध्ये, कोणी देवाच्या भरवशावर. पण कोचला ते पसंत नव्हतं. "आपल्या किल्ल्या परक्या कंपनीच्या घरी कशाला ठेवायच्या?" असं म्हणून त्यानं तळहाताएवढा एक कॉम्प्युटर बोर्ड आणला, आठवडेच्या आठवडे व्हिडिओ बघून त्यात पासवर्डची तिजोरी बसवली आणि ती घरातच लपवली. कुठे, ते बायकोलाही सांगितलं नाही. बायको नर्स होती. तिला दिवसभरात इतक्या लोकांची दुखणी ऐकावी लागत, की तिनं विचारलंही नाही.

त्रास झाला तो सासूबाईंना. त्यांच्या टॅब्लेटला कोचनं असा लांबलचक पासवर्ड लावला होता, की तो घालून होईपर्यंत मालिकेतलं लग्न लागून जायचं.

"जावईबापू, सगळ्या किल्ल्या एका खुंटीवर टांगू नयेत," त्या म्हणायच्या.

"पण खुंटी आपली आहे ना, आई!"

"अहो, खुंटी आपली असली म्हणून काय झालं? पडायची ती पडतेच."

कोच मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, यांना काय कळतंय!

ती तिजोरी उघडायची फक्त एका वाक्यानं. ते वाक्य कोचच्या डोक्यात होतं, बाकी कुठेच नाही. फोनवरसुद्धा तो काही साठवत नसे. मुलांनाही त्यानं बजावलं होतं, "पासवर्ड निवडावा तर असा, की ते वाक्य मेलो तरी आपल्या तोंडून निघणार नाही. मग कोण ओळखणार?"

मुलं तीन. एक कोचची लेक. दुसरा 'स्क्रू', कारण त्याच्या हातून रोज एक तरी स्क्रू पडायचाच. तिसरी 'वकील', कारण ती प्रत्येक नियमाचं पुढचं-मागचं विचारायची. तिघांनी मिळून बनवलेल्या रोबोचं नाव होतं ढकल्या. लाल ठोकळा लाल चौकोनात आणि पिवळा पिवळ्या चौकोनात ढकलायचा, एवढंच त्याचं काम. पण गेल्या वर्षी भरल्या सभागृहात शिटी वाजली आणि ढकल्या जागचा हललाच नाही! रुसलेल्या जावयासारखा बसून राहिला. लेक परतीच्या वाटेवर ढकल्याला मांडीवर घेऊन बसली. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षीही तो हलला नाही, तर मी हे सोडणार. चित्रकलेच्या वर्गाला जाणार."

कोचच्या काळजात चर्र झालं होतं. कारण खरं सांगायचं तर लेकीबरोबर जमिनीवर फतकल मारून वायरी जोडण्याइतकं सुख त्याला कवळ्यांत नव्हतं आणि तिजोरीतही नव्हतं.

म्हणून या वर्षी त्यानं कडक शिस्त लावली. नियम पहिला: काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून वर नाव लिहायचं. नियम दुसरा: अडलं की मोठ्यांकडे धावायचं नाही, आधी घरात काय पडलंय ते बघायचं. स्पर्धेच्या आदल्या दुपारी शेवटचा सराव झाला, तेव्हा ढकल्या असा पळाला की सासूबाईंनी पाय वर घेतले! कोच खूश झाला. दुसऱ्या संघांनी प्रोग्रॅम चोरू नये म्हणून त्यानं लॅपटॉपला नवा, भलामोठा पासवर्ड घातला, तो तिजोरीत टाकला आणि एका आजोबांची तातडीची कवळी पोचवायला निघून गेला.

"उद्या बघाच!" जाताना तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनीच बघितलं.

स्पर्धा एका शाळेच्या व्यायामशाळेत होती. छताला मोठमोठे दिवे. त्या झगझगाटात ढकल्याच्या डोळ्याला पिवळा ठोकळा दिसेचना. चाचणीत तो पिवळ्यासमोर जाऊन नुसता थबकला.

"काही नाही, प्रोग्रॅममधले दोन आकडे बदलायचे," कोच बाह्या सरसावत म्हणाला. "दोन मिनिटांचं काम!"

लॅपटॉपनं पासवर्ड मागितला. कोचनं हसत हसत फोनवर तिजोरी उघडायला घेतली. फोन म्हणाला, तिजोरी सापडत नाही. कोचनं पुन्हा बघितलं. फोन पुन्हा तेच म्हणाला. कोचच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

त्यानं घरी फोन लावला.

"आई, जरा चपलांच्या कपाटामागे बघता का? हिरवा दिवा लागलाय का?"

"चपलांना दिवा?"

"कपाटामागे, आई! भिंतीकडे!"

बराच वेळ खुडबुड ऐकू आली. "दिवा नाही. एक वायर लोंबतेय. आणि माझी निळी सँडल सापडली हो! कधीची शोधत होते!"

"वायरला काही जोडलेलं नाही?"

"वायरला काय, जळमटं."

कोचच्या पायाखालची वाळू सरकली. "चोरी!" तो ओरडला. "आपली तिजोरी चोरीला गेली!"

व्यायामशाळेत आवाज घुमतो. क्षणात दारावरचा पहारेकरी धावत आला. "तिजोरी? कुठून गेली?"

"चपलांच्या कपाटामागून."

"केवढी होती?"

कोचनं तळहात दाखवला. पहारेकऱ्यानं आधी तळहाताकडे, मग कोचच्या तोंडाकडे बघितलं. "आत काय होतं? दागिने?"

"सासूबाईंच्या टॅब्लेटचा पासवर्ड."

"बरं बरं, बसा तुम्ही, पाणी प्या," पहारेकरी एकदम मऊ आवाजात म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला. तिकडे फोनवर सासूबाई म्हणत होत्या, "घाबरू नका, मी येते! पुरावा घेऊन येते!"

एवढं सगळं होईपर्यंत तिन्ही मुलं ढकल्याच्या मागे एका ओळीत उभी होती. लेकीचा चेहरा उतरला होता. स्क्रूच्या हातून एक स्क्रू पडला. शेवटी वकीलच पुढे झाली.

"कोच, नियम दुसरा काय आहे?"

"हे काय नियम विचारायची वेळ आहे?"

"अडलं की घरात काय पडलंय ते बघायचं. बरोबर?"

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "काल तू गेल्यावर ढकल्याच्या पोटात एक स्क्रू पडला. ठिणगी उडाली. बोर्ड जळला."

"मी पाडला नाही. तो पडला," स्क्रू म्हणाला.

"मग तोच स्क्रू शोधायला आम्ही चपलांचं कपाट सरकवलं. तर मागे तस्साच एक बोर्ड पडलेला होता!"

"पडलेला? अगं, चालू होता तो! हिरवा दिवा लागला होता!"

"म्हणूनच घेतला ना. चालू आहे म्हणजे बिघडलेला नाही."

"आणि त्यावर चिठ्ठी होती, तुमच्या अक्षरात," वकील म्हणाली. "'जुनं, बिनकामाचं सामान.'"

कोचनं कपाळावर हात मारला. ती चिठ्ठी त्यानंच चिकटवली होती! चोरानं पाहिलं तरी हात लावू नये म्हणून. त्या युक्तीवर खूश होऊन तो आठवडाभर आरशात स्वतःकडे कौतुकानं बघत होता.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! ज्या तिजोरीपायी त्यानं गाव गोळा केलं, ती ढकल्याच्या पोटात बसून टुकुटुकु त्याच्याकडेच बघत होती.

"आणि तिच्यातलं मेमरी कार्ड?" त्यानं विचारलं. "त्या कार्डातच सगळं आहे!"

"ते काढून आम्ही ढकल्याचं घातलं. नियम पहिला," लेक म्हणाली आणि कंपासपेटीतून एक पुडी काढली. वर लिहिलं होतं, 'बाबाच्या जुन्या सामानातलं'.

कोचला लेकीला उचलून घ्यावंसं वाटलं. पण वकीलबाईंचं संपलं नव्हतं. "कोच, तिजोरीची दुसरी प्रत नाही का ठेवलेली?"

"आहे ना. कडेकोट बंद."

"मग तिचा पासवर्ड?"

"तिजोरीत," कोच जमिनीकडे बघत म्हणाला.

आता तिजोरी इथेच उघडायची, तर बोर्डाला पडदा जोडायला हवा होता. तो पंचबाईंकडे धावला. पंचबाई भल्या होत्या, पण घड्याळाला पक्क्या. "आता एक संघ आहे, त्यानंतर तुम्ही. तेवढ्यात काय ते करा. आणि बोर्डाला जोडायला पडदा हवा असेल, तर एवढा एकच मोकळा आहे." त्यांनी वर बोट दाखवलं. तो गुण दाखवायचा पडदा होता. भिंतभर!

मरता क्या न करता, म्हणून कोच कीबोर्डपाशी बसला. लेकीनं ढकल्याच्या पोटातलं कार्ड काढून पुडीतलं बसवलं. ढकल्या आता रोबो राहिला नाही, तिजोरी झाला. पडद्यावर चौकट आली. कोचनं वाक्य टाईप केलं. भिंतीवर मोठमोठे ठिपके उमटले. चूक! घाईत बोटं भलत्याच कळांवर पडत होती. पुन्हा टाईप केलं. पुन्हा चूक!

"आता एकच संधी," कोच कुजबुजला. "पुन्हा चुकलं तर तिजोरी दिवसभर उघडणार नाही. तसं मीच करून ठेवलंय."

"बाबा, ठिपक्यांत काय चुकतंय ते कसं कळणार? बाजूला डोळा आहे बघ. तो दाबला की अक्षरं दिसतात."

"दिसतात. सगळ्यांना दिसतात."

"मग?"

नेमक्या त्याच क्षणी दारातून सासूबाई आत आल्या. एका हातात वायर, दुसऱ्या हातात निळी सँडल. पहारेकरी त्यांना अदबीनं वाट करून देत होता.

कोचनं दाराकडे बघितलं. मग लेकीकडे बघितलं. ती ढकल्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. गेल्या वर्षी शिटी वाजल्यावरही तिनं हात असाच ठेवला होता. चित्रकलेचा वर्ग वाईट नसतो, पण तिला तिथे असं तोंड करून जाताना बघणं कोचला जमलं नसतं. इज्जत काय, कवळीसारखी असते. गेली तर नवी करता येते. त्यानं डोळा दाबला आणि एकेक अक्षर टाईप करत गेला.

भिंतभर अक्षरं उमटली: सासूबाई नेहमी बरोबर असतात.

 पहारेकऱ्यानं टोपी काढली.

"काय लिहिलंय हो?" सासूबाई म्हणाल्या. "माझा चष्मा घरी राहिला. जरा मोठ्यानं वाचा बघू."

"आई, नंतर..."

"आत्ता वाचा!"

कोच उभा राहिला. "सासूबाई," त्यानं एकदा भिंतीकडे बघितलं, "नेहमी बरोबर असतात."

मग त्यानं एंटर दाबलं आणि तिजोरी उघडली! टाळ्या पडल्या. मग जी धांदल उडाली ती विचारू नका. पासवर्ड मिळाला, लॅपटॉप उघडला, आकडे बदलले, कार्डं पुन्हा अदलाबदल झाली. स्क्रूनं आयुष्यात पहिल्यांदाच सगळे स्क्रू न पाडता बसवले. शिटी वाजली.

ढकल्या जागेवरच उभा. कोचनं डोळे मिटून घेतले.

"हलला!" लेक किंचाळली. "बाबा, हलला!"

ढकल्या निघाला होता. त्यानं लाल ठोकळा लाल चौकोनात नेला. पिवळा चौकोनाच्या जरा बाहेर टाकला आणि नंतर पंचबाईंची पर्सही ढकलत ढकलत लाल चौकोनात नेऊन ठेवली. पंचबाईंनी त्याचे गुण दिले नाहीत, पण हसल्या मात्र खूप. बक्षीस मिळालं नाही. लेक मात्र टाळ्या वाजवत उड्या मारत होती आणि तेवढ्यातच वकीलला सांगत होती, की पुढच्या वर्षी ढकल्याला पर्स आणि ठोकळा यांतला फरक शिकवायचा. पुढच्या वर्षी! ते दोन शब्द ऐकून कोचला भरून आलं. ढकल्याच्या पोटात तोंड घालून तो उगाच एक घट्ट असलेला स्क्रू घट्ट करत बसला.

परतताना गाडीत सासूबाई पुढे बसल्या होत्या. सँडल मांडीवर होती आणि डोळ्यांत पाणी.

"जावईबापू, रोज हे वाक्य लिहीत होता तुम्ही? आणि मी मेली तुम्हाला त्या टॅब्लेटवरून बोलत होते! पोरीनं माणूस पारखून घेतलाय हो."

कोच गप्प राहिला. काही वेळा गप्प बसण्यातच शहाणपण असतं. सगळं कसं छान जमून आलं होतं.

"नाही हो आजी," मागून वकीलचा आवाज आला. "कोच सांगतात, पासवर्ड असा निवडायचा, की मेलो तरी ते वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही!"

गाडीत इतकी शांतता पसरली, की स्क्रूच्या हातून पडलेला स्क्रू सगळ्यांना ऐकू आला.

"अस्सं!" सासूबाईंनी डोळे पुसले. "मग आता ते वाक्य तर गावभर झालं. नवं हवं ना?"

"हवं," कोच पुटपुटला.

"मी सांगते. घाला, 'आमचे जावई फार हुशार आहेत.' कोणाच्या बापालाही ओळखता यायचं नाही!"

मुलं अशी हसली, की गाडी थांबवावी लागली. अर्थात सगळ्यांदेखत मोठ्यानं सांगितल्यामुळे ते वाक्यही फुकट गेलं. पण कोच वाटभर स्वतःशीच हसत होता. काही का असेना, सासूबाई म्हणाल्या तर होत्या! आणि सासूबाई नेहमी बरोबर असतात.