वैजनाथरावांनी जहाजात रुमाल टाकला

प्रवास कसा करावा, हे वैजनाथरावांना कोणी शिकवायचं कामच नव्हतं! चिखलीच्या स्टँडवर त्यांनी वाहतूक नियंत्रक म्हणून एकतीस वर्षं काढलेली. गाडी वळणावर असतानाच नुसत्या हॉर्नवरून ते सांगायचे, ही मेहकरची आहे की जालन्याची. त्यातून त्यांचा खास विषय म्हणजे रुमाल. खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल कोणाचा, आधी कोणाचा पडला, तो कुठवर चालतो, या भांडणांचे निकाल तेच द्यायचे. रुमाल चालतो, टोपी चालते, पिशवीही चालते. तंबाखूची पुडी चालत नाही. आणि कडेवरचं लेकरू सीटवर ठेवलं, तर बाकी सगळं रद्द! हा कायदा कुठं छापलेला नव्हता, पण चिखलीत तो सगळे मानायचे.

त्यामुळे पुण्याच्या मुलीनं, हिमानीनं, आईबाबांसाठी मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली आणि सोबत व्हॉट्सअॅपवर प्रवाशांसाठी तेवीस सूचना धाडल्या, तेव्हा वैजनाथराव नुसते हसले.

"बाबा, हसू नका, नीट वाचा," हिमानी फोनवर म्हणाली. "रबरी तळव्याचे बूट घ्या, डेक ओलं असतं. गोळ्या-औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. मळमळीची गोळी जहाज हलायच्या आधी घ्यायची, नंतर नाही. आणि नऊ नंबरची सूचना तर खास तुमच्यासाठी आहे!"

"हाव, हाव. वाचतो ना!"

त्यांनी आठपर्यंत वाचल्या. नववीला आले आणि दारात कडूबा उभा राहिला. कडूबा म्हणजे अमडापूरचा त्यांचा शाळूसोबती. वैजनाथ चालला म्हटल्यावर त्यानंही हट्टानं स्वतःचं आणि बायकोचं, गीताबाईचं, तिकीट काढलं होतं.

"वैजू, जहाजात भीतीबीती नाही ना बे?"

"भीती कायची? पाण्यावरची एसटी समज. फक्त खड्डे नाहीत, अन् कंडक्टर इंग्रजी बोलते!"

नववी सूचना राहिली ती राहिलीच.

शारदाबाई हे सगळं शेंगा सोलत ऐकत होत्या. एसटीवाल्याची बायको म्हणून त्यांच्या वाट्याला काय आलं होतं, ते सांगितलंच पाहिजे. गाडीत जरा गर्दी झाली की वैजनाथराव आधी घरच्या माणसाला उठवायचे. "स्टाफच्या माणसानं जागा अडवून बसू नाही," हे त्यांचं तत्त्व. तत्त्व त्यांचं, उभं राहायचं शारदाबाईंनी! लग्नाला चौतीस वर्षं झाली होती आणि बुलढाणा म्हणा, शेगाव म्हणा, माहेरची वाट म्हणा, बाईनं निम्मा प्रवास दांड्याला लटकून केला होता. पण कधी तक्रार केली नाही.

"मले त्या जहाजात काही नको," त्या म्हणाल्या. "जेवण नको, नाचगाणं नको. समोर पाणी दिसंल अशी एक खुर्ची पाह्यजे. अन् एकदा बसले की मले ऊठ म्हणू नका."

 एवढी वर्षं ही बाई उभी होती आणि आपल्याला ते दिसलंच नाही, याची वैजनाथरावांना खरोखर लाज वाटली. "शारदा, शब्द देतो! सगळ्यात पुढची खुर्ची तुही!" ते म्हणाले आणि त्यांनी बाजारातून डझनभर रुमाल आणले.

मुंबईच्या बंदरावर पहिला धक्का गीताबाईंना बसला. तीन दिवसांच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन त्या निघाल्या होत्या. घरचं अन्न जहाजात नेता येत नाही, ही चौथी सूचना कडूबाला कोणी सांगितलीच नव्हती. गीताबाईंनी अन्न टाकायला साफ नकार दिला. तपासणीच्या टेबलाशीच डबा उघडून त्यांनी अर्धा स्वतः संपवला आणि उरलेला तपासणीवाल्यांना आग्रह करून खाऊ घातला. त्यातला एक जण ठेच्यानं डोळे पुसत होता, पण दुसरी भाकरी मागत होता.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना एका ठिकाणी जमवून सुरक्षेची माहिती दिली. भार्गवी नावाची पांढऱ्या गणवेशातली तरुण अधिकारी मराठीतून समजावत होती. "भोंगा वाजला की सगळ्यांनी इथंच जमायचं. खोलीच्या नंबरानुसार मोजणी होईल. मोजणी पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही जाता येणार नाही."

वैजनाथरावांनी हात वर केला. "मॅडम, जहाज बुडालं अन् त्या लटकवलेल्या होडीत बसाची पाळी आली तं सीट नंबर काय आमचा?"

"होडीत सीट नंबर नसतात, काका."

दीडशे माणसांची होडी आणि सीट नंबर नाहीत! वैजनाथरावांनी कडूबाकडे असं पाहिलं की, बघ, इथं आपली किती गरज आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते वरच्या डेकवर हजर! कठड्याजवळच्या पहिल्या दोन खुर्च्यांवर त्यांनी दोन रुमाल ताणून टाकले, त्यांच्याकडे एकवार समाधानानं पाहिलं आणि शारदाबाईंना आणायला खाली गेले. अंघोळ, वेणी, चहा यात पाऊण तास गेला. वर येऊन पाहतात तर खुर्च्यांत एक गुजराती जोडपं आरामात पसरलेलं आणि रुमाल गायब!

"इथला रुमाल कुठी गेला?"

डेकवरच्या कर्मचाऱ्यानं हिंदीतून अदबीनं सांगितलं. अर्धा तास माणूस नसेल तर खुर्चीवरची वस्तू उचलून काउंटरवर जमा होते. तसा नियम आहे. सगळ्या प्रवाशांना आधी कळवलेलं असतं. हीच ती नववी सूचना!

"हा कुठला कायदा?" वैजनाथराव तडकले. नाश्त्याआधी त्यांनी आणखी दोनदा प्रयत्न केला. एकदा टॉवेल टाकला, एकदा पिशवी. दोन्ही काउंटरवर गेलं. काउंटरवरची बाई आता त्यांना नावानं ओळखू लागली होती.

"राहू द्या हो," शारदाबाई कठडा धरून म्हणाल्या. "मी उभी राहून पाह्यते. सवय हाये मले."

वाक्य साधंच होतं, पण वैजनाथरावांना ते फार लागलं. त्यांनी बायकोला नाश्त्याला धाडलं आणि डेकच्या पार टोकाच्या खुर्चीवर नजर लावून बसले. तासाभरानं ती रिकामी झाली आणि ते तीरासारखे जाऊन बसले. समोर कठडा, त्यापलीकडे नुसतं पाणी! आता शारदाला तेवढं आणायचं. पण मागे ठेवायचं काय?

त्यांनी शांतपणे विचार केला. रुमाल उचलतात, टॉवेल उचलतात. कारण त्या वस्तू म्हणजे माणूस नव्हे. माणूस इथंच आहे, आत्ता येतोय, असं वाटलं पाहिजे! मग त्यांनी हिमानीच्या सूचनेवरून घेतलेले नवे कोरे बूट काढून कठड्याला लावून जोडीनं ठेवले. मोजे आत खोचले. तिनंच पाठवलेला, आज सकाळी पहिल्यांदाच अंगात घातलेला पोपटांचा शर्ट, जो त्यांना तसाही नकोच होता, तो काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. वर चष्मा ठेवला. चष्मा टाकून कोण कुठं जातं? आणि बंडीवर, अनवाणी, ते समाधानानं जिना उतरले.

जेवणघराच्या दारात त्यांना अडवलं. बंडीवर आणि अनवाणी आत सोडत नाहीत. मग ते काचेबाहेर उभे राहिले आणि चष्म्याविना जी हिरव्या लुगड्यातली धूसर बाई दिसली, तिला शारदा समजून हातानं खुणा करू लागले. "ये! वर ये! लवकर!" दहा मिनिटं ते खुणावत होते. शेवटी त्या बाईचा नवरा बाहेर आला. त्याची समजूत काढण्यात आणखी दहा मिनिटं गेली. शारदाबाई तोवर दुसऱ्या दारानं नवऱ्याला शोधायला निघून गेल्या होत्या.

इकडे डेकवर गीताबाई फिरत फिरत त्या टोकाला पोचल्या. कठड्याशी जोडीनं बूट, घडी केलेला शर्ट, वर चष्मा आणि पलीकडे खोल पाणी! विहिरीच्या काठावर असं काही दिसलं की आपल्याकडच्या माणसाला दुसरं काही सुचतच नाही.

"अवो धावा वं! माणूस गेला पाण्यात!"

गीताबाईंचा आवाज वावराच्या या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, त्या धुऱ्यावर जाणारा. अर्धं डेक धावत आलं. कडूबानं बूट निरखले. शर्ट त्यानं यापूर्वी पाहिलेला नव्हता आणि वैजूच्या अंगावर पोपट असतील, हे त्याच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. "बूट नवे हायेत," तो हळहळला. "चांगल्या घरचा असंल बिचारा!"

मग भोंगा वाजला. जहाज मंदावलं आणि वळू लागलं. खलाशी दुर्बिणी घेऊन मागच्या टोकाला धावले, सामान पुरावा म्हणून उचललं गेलं आणि सगळ्या प्रवाशांना मोजणीसाठी खाली बोलावलं.

आणि काय सांगावं, वैजनाथराव फुलले! एकतीस वर्षांचा अनुभव जागा झाला. बंडीवरच एका बाकावर चढून त्यांनी स्टँडवरचा आवाज लावला. "रांगेत या! लेकरंवाल्या बाया आधी! म्हाताऱ्या माणसाले हात द्या! ढकलू नका, गाडी कोणाले सोडून जात नाही!" लोकांना मराठी कळो न कळो, रांगा लागल्या. भार्गवी चकित झाली. आठशे माणसांची मोजणी बघता बघता उरकली.

"काका, थँक यू," ती कागद पाहत म्हणाली. "सगळे आहेत. फक्त एक नाव कमी आहे. खोली सहाशे बारा. शारदा वैजनाथ इंगळे."

 हरवलेल्या माणसांची नावं वैजनाथरावांनी आयुष्यभर माइकवरून पुकारली होती. आपल्या माणसाचं नाव असं ऐकताना काय होतं, हे त्यांना आज कळलं. ते बाकावरून उतरले आणि खालीच बसले. गीताबाई रडू लागल्या.

"पण..." भार्गवी गोंधळली. एक खलाशी तबकात सामान घेऊन उभा होता. "काका, तुमच्या मिसेस पुरुषांचे बूट घालतात का?"

"नाही हो मॅडम! काऊन घालंल ती? दाखवा बरं मले!" वैजनाथराव डोळे बारीक करून तबकाकडे वाकले. काहीच धड दिसेना. घाईघाईनं त्यांनी तबकातलाच चष्मा उचलून नाकावर ठेवला. सगळं लख्ख दिसू लागलं. बूट दिसले. पोपट दिसले. भार्गवीच्या छातीवरचं नाव दिसलं.

कडूबा त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होता. "वैजू, लेका... त्या मेलेल्याचा चष्मा तं तुले बरोब्बर बसला बे!"

 मग वैजनाथरावांनी मान खाली घातली. "माहाच हाये," ते पुटपुटले. "जागा धरली होती." आणि पुढं काही विचारायच्या आत ते उठून जिन्याकडे पळाले, कारण बूट कोणाचेही असोत, शारदा अजून सापडली नव्हती!

वरचं डेक सुनसान होतं. शे-दीडशे खुर्च्या आणि एकही माणूस नाही. आणि पार टोकाला, कठड्याशी, त्याच खुर्चीत शारदाबाई पाय लांब करून बसल्या होत्या! हातात चहाचा कप होता आणि पदर वाऱ्यावर उडत होता.

"शारदा!" ते धावत खुर्चीशी गेले. "भोंगा ऐकू नाही आला तुले?"

"आला ना. मले वाटलं, कालच्यासारखीच माहिती सांगत असतीन. ते तं मी ऐकलं होतं." त्या निवांतपणे म्हणाल्या. "तुम्हाले शोधत वर आले, तं सगळ्याच खुर्च्या रिकाम्या. चांगली पाहून बसले."

भार्गवी धापा टाकत मागून आली होती. "काका, काकूंना खाली घेऊन चला. त्यांची हजेरी लागल्याशिवाय मला कोणालाच सोडता येणार नाही. आठशे लोक थांबलेत!"

वैजनाथरावांनी बायकोकडे पाहिलं. ओठांवर आलेला शब्द त्यांनी गिळला. "मॅडम, तिले ऊठ म्हणता येत नाही मले."

"का?"

"शब्द देलेला हाये. वाटलं तं मले न्या. दोनदा मोजा."

भार्गवीनं त्यांच्याकडे पाहिलं, शारदाबाईंकडे पाहिलं आणि ओठ दाबून हसू आवरत वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "सहाशे बारा हजर," ती म्हणाली. मग जाताना वैजनाथरावांना म्हणाली, "काका, तुम्ही मात्र अर्ध्या तासात कॅप्टनसाहेबांच्या ऑफिसात या. बूट घालून!"

आता वैजनाथरावांना राहवेना. ते खुर्चीपुढं उभे राहिले आणि बायकोला सगळं सविस्तर सांगू लागले. पहाटेचा रुमाल, टॉवेल, पिशवी, पोपट, चष्मा, काचेबाहेरच्या खुणा, आणि आपला जीव कसा गोळा झाला होता तेही. शेवटी डोळे पुसत म्हणाले, "हे सगळं तुह्यासाठी केलं शारदा. तुले नीट समुद्र दिसावा म्हणून!"

शारदाबाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"ते समजलं मले," त्या म्हणाल्या. "पण आता जरासे बाजूले सरका. मघापासून तुमची बंडीच दिसून राह्यली!"