दत्तूदादाचं कुणावाचून अडत नाही

मंचरला दत्तूदादाच्या शेडमध्ये शिरल्या शिरल्या मी माझी टोपी नव्या मशीनच्या रिकाम्या पट्ट्यावर ठेवली. तेवढ्यात पट्टा सुरू झाला. मोठे कांदे एका ढिगात गेले, बारकी गोल्टी दुसऱ्यात, आणि माझी टोपी सडक्या मालात.

"बघितलंस?" दादा अभिमानानं म्हणाला. "नातं बघत नाय!"

दादा माझा थोरला चुलतभाऊ, कांद्याचा व्यापारी. या यंत्राआधी त्याच्याकडं कांदा निवडायला नंदुरबारकडची टोळी यायची. राहायला गळका पत्रा, संडासाला मोकळं रान, आणि मजुरी सांगताना दादाचा आवाजच खाली जायचा. एवढ्या सुखसोयी सोडून माणसं गेली कशी, याचं त्याला खरोखर नवल वाटलं. मग रागारागानं त्यानं मशीन आणलं. "कुणावाचून अडत नाय आपलं," हे तेव्हापासून तो जेवताना म्हणतो, दाढी करताना म्हणतो. परवा एका मयतीतही म्हणाला.

"चहा मागत नाय, रुसत नाय, गावाला जातो म्हणत नाय!" असं म्हणत त्यानं सवयीनं भली मोठी किटली भरून चहा आणला आणि शेडभर हाक मारली, "चला रे, चहा!" मशीन काही थांबलं नाही. दोन कप मी प्यायलो, उरलेली किटली त्यानं एकट्यानं संपवली.

मशीन शेडच्या मधोमध नव्हतं, भिंतीला खेटून, अडचणीत होतं. घरात खिळा ठोकताना बोट चेचून घेणाऱ्या मी त्यावर तज्ज्ञासारखी मान हलवली.

"फिटरनं घोळ घातला," दादा म्हणाला आणि त्यानं वर बघायचं टाळलं. वर तुळईला एक रिकामी झोळी लोंबत होती.

चार वाजता त्यानं फोन लावला. पलीकडं रमीला, टोळीच्या मुकादमाची बायको.

"मशीन झकास चाललंय बरं का! तुमच्यावाचून काय अडत नाय!"

"काल बी हेच सांगितलं, शेठ. परवा बी. मग फोन कशाला करता?"

दादा गडबडला. "नाय, म्हणलं... मशीन चालवायला दोन माणसं लागत्यात. बारमाही. महिन्याचा पगार. पक्की खोली बांधलीय, पंखा हाय, संडास हाय. मशीनसाठी बांधलंय ते, तुमच्यासाठी नाय!"

पलीकडं तान्हं पोर रडत होतं.

"आमची झोळी काढली आसंल, शेठ?"

"हाय तिथंच हाय," दादा हळूच म्हणाला. "मशीनच बाजूला सारून बसवलंय."

"ह्यांना इचारते," ती म्हणाली.

फोन ठेवून दादानं उपरण्यानं चष्मा पुसला. "कसं ठणकावून सांगितलं, राव!"

घरी येऊन मी हे सगळं बायकोला हसत हसत सांगितलं. ती माझी टोपी साबणात भिजवत होती. वर न बघता म्हणाली, "मी माहेरी गेले की तुम्हीपण रोज फोन करून सांगता, खिचडी छान झालीय म्हणून."