डावीकडून चढणारे तात्या

सायकलवर सगळेच डावीकडून चढतात. तात्या पागनीस खुर्चीवरही डावीकडूनच चढत. पलंगावर, तांग्यात, न्हाव्याच्या बाकड्यावर, सगळीकडे डावी बाजू. दफ्तरात त्यांच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला एकदा भिंत आली, तेव्हा त्यांनी टेबलच फिरवून घेतलं आणि साहेबांकडे पाठ करून काम करू लागले.

‘‘तलवार डाव्या कमरेला असते,’’ ते मला समजावत. ‘‘उजवीकडून चढलात की ती पायात येते.’’

‘‘पण तात्या, तलवार आहे कुठे?’’

‘‘तलवार गेली म्हणून बाजू बदलायची काय, हिशोबनीस?’’

मी बँकेत आकडे तपासणारा, म्हणून हिशोबनीस. उज्जैनला आमची घरं समोरासमोर होती. पागनीसांच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दरबारच्या पागेचं काम. कोवळी जनावरं शिकवून स्वारीला तयार करायची, ही तात्यांची नोकरी. मग दरबार गेला, मध्यभारत आला, पागा मोडली. घोडे लिलावात गेले आणि तात्या पुरवठ्याच्या दफ्तरात कारकून झाले.

पागेत दसऱ्याला घोड्यांची पूजा होई. तात्यांनी ती सोडली नाही. ते सायकल अंगणात धूत, हँडलला हळदकुंकू लावत, झेंडूचा हार घालत आणि पुढच्या चाकासमोर भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी ठेवत. ओट्यावरून काकू म्हणत, ‘‘आता तिला खरारा पण करून टाका. केव्हाची उभी आहे बिचारी.’’

काकू धारकडच्या शिलेदाराची मुलगी. ‘‘माहेरी माझी स्वतःची घोडी होती,’’ त्या माझ्या बायकोला सांगत. ‘‘इथे आले आणि हे चढायचे, मी चंदी भिजवायची. सासूबाई म्हणाल्या, पागनिसांच्या सुना घोड्यावर बसत नाहीत. झालं.’’ पुढे एका आजारात त्यांचा डावा पाय लुळा पडला. सोमवारी राम घाटावर जायचा नेम सुटला. काठी घेऊन ओट्यापर्यंत येणं, एवढाच त्यांचा प्रवास उरला.

तात्यांच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण एकच, बैठक बिघडणं. माझी पाठ दुखली, बैठक. माझा मुलगा गणितात नापास झाला, बैठक. ‘‘पाठ सरळ, टाचा खाली, नजर घोड्याच्या कानांच्या मधून पुढे. मग बघा गणित कसं येत नाही.’’

असं सगळं सुरळीत चालू असताना तांगेवाल्या करीमने घोळ केला. लिलावात पागेची एक घोडी त्याने घेतली होती. तिचा बछेरा आता मोठा झाला होता, पण भलता खोडकर. वैतागून तो तात्यांकडे आला.

‘‘सायब, दशेरे तक आपका. सवारी ले ली तो रख लो. नहीं तो मैं तांगे में जोत दूँगा.’’

तात्यांनी त्याचं नाव बादल ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून पहाटे करीमच्या घोडीवर स्वतः बसायचं, बादलला दोरीने बरोबर घ्यायचं आणि भैरवगढच्या रस्त्याने रपेट मारायची, असा कार्यक्रम सुरू झाला. एवढ्या वर्षांनी घोड्यावर बसलेले तात्या पहिल्या दिवशी दफ्तरात संध्याकाळपर्यंत उभ्यानेच काम करत होते.

‘‘बैठक का?’’ घरी आल्यावर मी विचारलं.

‘‘घाई घोड्याला असते, स्वाराला नसते,’’ ते म्हणाले. अवघड प्रश्नाला हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

माझा मात्र हिशोब जुळेना. तात्या सहा फुटी आणि बादल माझ्या छातीलाही लागत नव्हता. तात्या त्यावर बसले तर पाय जमिनीला टेकायचे. मी तसं बोलूनही दाखवलं. तात्या बादलची आयाळ विंचरत राहिले.

दसरा जवळ आला तसा त्यांचा चेहरा उतरू लागला. बादल खोगीर घेईना. एका सकाळी मी शिप्रेच्या काठाने येत होतो. पाहतो तर तात्या बादलच्या पाठीवर वाळूचं पोतं चढवतायत, आणि तेही उजवीकडून. बादल उसळला, पोतं खाली. तात्यांनी ते उचललं, पुन्हा उजवीकडून. पुन्हा खाली.

करीम बिडी ओढत बसला होता. ‘‘सायब ने खुद सिखाया था कि उल्टी तरफ से कोई आए तो घोड़ा भड़केगा. अब खुद ही उल्टी तरफ से जा रहे हैं.’’

‘‘तात्या, उजवीकडून?’’ मी म्हटलं.

त्यांनी चोरी पकडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. ‘‘कुठे बोलू नका,’’ म्हणाले आणि पोतं पुन्हा उचललं. ‘‘हा तांग्याला गेला तर माझ्याजवळ दुसरा नाही, हिशोबनीस. आणि नवीन शिकवायला आता वेळही नाही.’’

दसऱ्याच्या पहाटे समोरच्या ओट्यावर कंदील दिसला, म्हणून मी दार उघडलं. बादलच्या गळ्यात झेंडूचा हार होता. त्याची उजवी बाजू ओट्याला लावून तात्या त्याच्या तोंडाशी उभे होते. ओट्यावर काकू, नऊवारीचा कासोटा घट्ट मारलेला. काठी त्यांनी भिंतीला टेकवली. उजवा पाय रिकिबीत घातला आणि जवळ सरकलेल्या तात्यांच्या खांद्यावर भार टाकला. लगाम कोपरात अडकवून तात्यांनी काकूंचा लुळा डावा पाय दोन्ही हातांनी उचलून खोगिरावरून हलकेच पलीकडे नेला.

बादलने कान हलवले. तेवढंच. बादल हलला नाही.

‘‘पाठ सरळ,’’ तात्या पुटपुटले.

‘‘माझी बैठक तुमच्या आधीची आहे,’’ काकू म्हणाल्या. ‘‘लगाम सोडा बघू.’’

तात्यांनी लगाम सोडला. मग वळसा घालून ते काकूंच्या डाव्या बाजूला आले, त्यांचा लुळा पाय रिकिबीत बसवला आणि त्यावर हात ठेवून चालू लागले. घोडा राम घाटाच्या दिशेने उतारावर दिसेनासा होईपर्यंत मी दारातच उभा होतो.

समोर भिंतीला सायकल टेकलेली होती. त्या दसऱ्याला तिला हार घालायचं तात्या विसरले होते.