पडल्या मनोऱ्यातील लोहरस आणि नेमाजी पहारेकऱ्याचे मरण

श्री. अग्नी साक्ष, राख साक्ष. वरकड साक्षीदार फितले.

शके सतराशे अठ्ठावन्न, दुर्मुखनाम संवत्सरे, चैत्र वद्य पक्षी एका राज्यात महाराजांचा मनोरा पडला, त्याचे वर्तमान लिहिले आहे. लिहावे ऐसी आज्ञा कोणी केली नाही. न लिहावे ऐसी मात्र जाहली, म्हणोन लिहिणे अवश्य पडले.

मनोरा बहुत उंच, चुनेगच्ची बांधणीचा, पोटात लोखंडाच्या तुळया, माथ्यावर तेलखाना आणि तळी भांडीखाना, त्यात पितळी हंडे, घंगाळी आणि शिशाचे नळ रचिलेले. तेल माथ्यावर कशास, ऐसे कोणी पुसिले तर इमारतखान्याचे मुख्य त्रिमलपंत म्हणत की दिवे उंच लागतात तर तेलही उंच असावे. ऐसी अक्कल. तळच्या दाराशी नेमाजी म्हणोन पहारेकरी होता, टोकास लोखंडी शेंबी बसविलेली काठी घेऊन उभे राहावे आणि सांजेस घरी जावे, इतकेच त्याचे चरित्र. एके दिवशी दोन प्रहरी तेलखान्यास आग लागली, आणि तेल जळत जळत मजल्यामागून मजला खाली उतरले, आणि थोर थोर लोक उतरून बाहेर पडले, आणि नेमाजी त्यांस वाट दाखवावयास आत गेला तो आणखी कित्येक चाकरांसह आतच राहिला, आणि मनोरा आपले जागी खाली बसला. धुरळा ऐसा उठला की राजवाड्यात पंक्ती बसल्या होत्या त्यांच्या वरणात चुना पडला. मग महाराजांस कळले की काही तरी जाहले आहे.

नेमाजीची बाईल आवडाबाई धावत आली. ढिगारा धगधगत होता. जोड्याचे तळ करपत, पाणी ओतावे तर वाफ होऊन तोंडावर यावी. ती तेथेच बसली. तिचे म्हणणे एकच, की निवले म्हणजे आपला माणूस काढून न्यावा, त्याची हाडे नदीस पोचवावी. याउपर तिने राज्यापाशी काही मागितले नाही, हे ध्यानी ठेवावे, कारण पुढे बहुतांनी तिच्या नावे बहुत मागितले.

मग एक पखाली पाणी ओतता ओतता फटीतून डोकावला आणि दवंडीवाल्यास म्हणाला, "खाली लालभडक काहीतरी पाझरतंय, बाबा." काय पाझरते ते त्यास ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याचे त्याने सोंगही केले नाही. परंतु त्या राज्यात ऐसी चाल होती की दवंडी पिटण्यापूर्वी ती वेदमूर्ती गुंडभट यांजकडून शुद्ध करून घ्यावी. भटजींनी विचार केला की महाराजांच्या मनोऱ्यातून 'काहीतरी' पाझरावे हे राज्यास शोभत नाही, आणि त्यांणी लिहून दिले की 'ढिगाऱ्यात लोहरस वाहतो.' संस्कृतात लोह म्हणजे कोणतीही धातू, सोन्यापासून शिशापर्यंत. ऐकणारे लोक संस्कृत कशास जाणतात! त्यांणी लोह म्हणजे लोखंड ऐसे समजोन घेतले, आणि सांजेपर्यंत शहरात गल्लोगल्ली एकच प्रश्न उभा राहिला की तेलाच्या आगीने लोखंडाचे पाणी होते कैसे? आमचा लोहार भाते मारमारून मरतो तेव्हा फाळ लाल होतो, वितळत तर नाहीच.

येथून पक्ष जाहले. सरदार हैबतराव पुढे सरसावले आणि म्हणाले की आगीने हे होणे नाही, तळघरात सुरुंगाची दारू भरली होती, आणि ती इमारतखान्यानेच भरली. त्यांचे मागे तरणे सरदार, ज्यांस त्रिमलपंतांची जागा हवी होती. त्रिमलपंत म्हणाले की आग पुरे आहे, तापले लोखंड नरम पडते आणि भार सोडते, आणि ढिगारा कुंभाराच्या झाकल्या आव्यासारखा आतल्या आत धुमसतो. हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु तेल माथ्यावर कोणी ठेविले, इतका प्रश्न येताच पंतांस खोकला येई, म्हणोन त्यांचे खरेही कोणास खरे वाटेना. गुंडभट म्हणाले की शनी वक्री आहे. कोणी म्हणाले, पाताळीचा शेष उसासे टाकतो. मग सभा भरोन ठराव जाहला की कारण ठरेपर्यंत ढिगाऱ्यास कोणी हात लावू नये, लाविल्यास पुरावा बिघडेल. आणि भोवती चौकी बसली.

आवडाबाई नित्य सकाळी कुदळ घेऊन यावी, चौकीने नित्य परतवावी. एके दिवशी हैबतराव पालखीतून उतरून तिला म्हणाले, "बाई, सभेत एवढंच सांगा, की धनी घरी बोलले होते, तळघरात पिंपं उतरली म्हणून."

"धनी घरी येऊन वाढ म्हणायचे, सरकार. पिंपाचं काही बोलले नाहीत."

दुसरे दिवशी त्रिमलपंतांनी कारकून पाठविला, की तुमच्या धन्यांनी आग आग म्हणोन हाक दिली, ती तुम्ही ऐकली ऐसे सांगावे. बाई म्हणाली, "त्यांची हाक मला ऐकू आली असती, तर मी तुमच्याशी बोलत इथं उभी राहिले असते होय?" मग दोहों पक्षांनी तिला मूर्ख ठरविले. या एका बाबतीत दोन्ही पक्ष एक जाहले.

घरी जावे तर आयाबाया पुसत की कुंकू पुसायचे की लावायचे. तिने गुंडभटांस विचारिले. भटजी बोलले, कारण ठरले नाही तोवर पडणे ठरले नाही, पडणे ठरले नाही तोवर मरण ठरत नाही, सबब तुमचे यजमान शास्त्रतः अनिर्णीत आहेत. ती म्हणाली, "मग अनिर्णीताला जेवण कुठं पोचवू?" भटजींनी हे अपमानास्पद मानले.

ऐसे करिता दिवस गेले. ढिगाऱ्यावर गवत आले, गवत वाळले, आणि थंडीत एका कुत्रीने माथ्यावर पिले घातली. सभेत हैबतराव म्हणाले, पहा, ऊब आहे म्हणोन व्याली, एवढी ऊब दारूवाचून कैसी टिकते! त्रिमलपंत म्हणाले, ऊब आहे खरी, परंतु आगीची आहे. कुत्री कोठेही विते, हे सांगावयास सभेत कोणी नव्हते. जे होते त्यांची पिले जहागिरीत जन्मलेली.

महाराजांस या वादाने अन्न गोड लागेना, तेव्हा त्यांणी जुनी चाल काढिली, की दिव्य करावे. त्या राज्यातील दिव्य म्हणजे दावा करणाराने आपले म्हणणे बोलून उघड्या हाताने तापल्या जागेतून धातूचा रवा काढावा, मग हात पिशवीत घालोन मोहर करावी, आणि तिसरे दिवशी हात न भाजला निघाला तर म्हणणे खरे. रवा म्हणताच काही सरदारांस शिरा आठवला, त्यांस समजावून सांगावे लागले. समजताच सर्व मागे सरले. हैबतरावांचे मनगट वाताने धरले होते. त्रिमलपंतांस सुतक निघाले, दूरचे परंतु कडक. गुंडभट म्हणाले की शनीतर्फे दिव्य करावयास शनीची संमती पाहिजे. ज्या ढिगाऱ्याच्या उष्णतेवर इतके दिवस तोंड वाजविले, त्यास बोट लावावयास एक मर्द निघेना.

तेव्हा आवडाबाई चौकीपलीकडून म्हणाली, "रवा मी काढते."

महाराजांनी पुसिले, "कोणत्या पक्षातर्फे?"

"धन्यांतर्फे."

सभेतील एक शास्त्री म्हणाले की म्हणणे बोलल्यावाचून दिव्य नाही, आगीतर्फे की दारूतर्फे ते बोलावे. बाईने पदर खोचला आणि म्हणाली, "म्हणणं एकच. माझा माणूस आत आहे, आणि तो मेला आहे."

मग ती ढिगाऱ्यावर चढली, आणि कुत्री उठून बाजूस जाहली, आणि तिने कोपरापर्यंत हात घातला. दरबाराने डोळे मिटले. तिने हात तैसाच ठेविला, मग मान वळवून सहज म्हणाली, "गार आहे."

कधी निवला होता देव जाणे. इतक्या दिवसांत कोणी हात लाविला नव्हता.

तिने जो गोळा ओढून काढिला त्यात पितळ आणि शिसे एकमेकांत ओघळून थिजले होते, एका घंगाळीचा अर्धा काठ तैसाच दिसत होता, आणि मधून लोखंडाचा गज गेला होता, सापासारखा वाकलेला, परंतु अवघा. वितळलेले लोखंड कोठेच नव्हते. गुंडभट तत्काळ म्हणाले की आपण लोहच म्हटले होते, कोश पाहावा. त्रिमलपंतांस सुतक फिटल्यासारखे जाहले. हैबतराव म्हणाले की हा गोळा आयत्या वेळी आणून ठेविला आहे, आणि त्यांचे माणसांस ते लागलीच पटले, कारण त्यांणी गोळ्याकडे पाहिलेच नव्हते.

हात पिशवीत गेला, मोहर जाहली, तिसरे दिवशी उघडला. कोठे फोड नाही, नखांत माती मात्र होती. मग महाराजांस मान्य करावे लागले की नेमाजी मेला. आज्ञा जाहली की बाईने आपले माणसापुरते खणावे, कारणास धक्का लावू नये.

तिने खणिले. शेजारच्या बाया, ज्यांचीही माणसे अनिर्णीत होती, आज्ञा न पुसता कुदळी घेऊन आल्या, आणि चौकीने दुसरीकडे तोंड फिरविले. दाराच्या जागी काठीची शेंबी सापडली, काळी पडलेली, लोखंडाची, जैसीच्या तैसी, आणि तिच्यापाशी थोडी हाडे. आवडाबाईने ती पदरात घेतली, तेथेच बसोन कुंकू पुसले, आणि मग ती रडली, जे तिला चैत्रापासून करू दिले नव्हते. शेंबी सरकारात पुरावा म्हणोन मागितली. तिने दिली नाही.

येणेप्रमाणे जाहले. तेलखाना नव्या मनोऱ्यातही माथ्यावरच धरिला आहे. ढिगारा निवला, नेमाजी नदीस मिळाला; सभा तेवढी अद्याप ऊन आहे.