हीच गाडी, बसा

१० ऑक्टोबर. परवा दसरा. उद्या गिरणीची पूजा, म्हणून आज दळण बंद ठेवून जातं साफ करायला घेतलं. वरचा दगड उचलायचा तर नट सैल करावे लागतात आणि त्याला मोठा पाना लागतो. पाना जागेवर नव्हता. गणपती गेल्यापासून माझ्या गिरणीतलं जे जागेवर नसतं, ते समोरच्या नाना साळव्यांकडे असतं.

नानांच्या घरी पंख्याला रेग्युलेटर नाही. होता, त्यांनी तो काढून टाकला. पंखा एकतर चालू, नाहीतर बंद. टीव्हीच्या रिमोटवर दोन बटणं सोडून बाकी सगळी चिकटपट्टीखाली. घराला दोन दारं होती, त्यातलं मागचं खिळे ठोकून बंद केलं. एकदा माझ्याकडे दळण घ्यायला आले, सुट्ट्यासाठी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि नाण्यांबरोबर गॅसच्या शेगडीचं बटण बाहेर काढलं.

"हे काय हो नाना?"

"बटण," ते म्हणाले. जणू सगळी माणसं बटण खिशात घालूनच हिंडतात.

हा माणूस जन्मभर स्टँडवर कंट्रोलर होता. खिडकीत बसून गाड्यांची वेळ सांगायची, माइकवर पुकारा करायचा. लोक एका प्रश्नावर कधी थांबत नाहीत. लांज्याला कुठली गाडी? ही की मागची? मागची रिकामी असेल का? हिच्यात खिडकी मिळेल का? नानांचं सगळ्यांना एकच उत्तर असे. "हीच गाडी, बसा."

"पण ती मागची?"

"मागची नाही. बसा."

मागची तिथेच उभी असायची, ड्रायव्हर चहा पीत असायचा. पण नानांनी नाही म्हटलं की ती नसायची, आणि माणूस मुकाट्याने पुढच्या गाडीत चढायचा. नानांचं म्हणणं, माणसाला दोन गाड्या दाखवल्या की तो फलाटावरच म्हातारा होतो.

निवृत्त झाले तरी पुकारा सुटला नाही. माझ्या नणंदेच्या मुलीला दोन स्थळं आली होती आणि महिनाभर घरात कोणाला धड जेवण जात नव्हतं. नाना सहज आले, पहिल्या मुलाचा फोटो पाहिला, दुसरा पालथा घातला आणि म्हणाले, "हीच गाडी, बस." ती बसली. अजून उतरलेली नाही.

तर या माणसाने यंदा श्रावणात पडवीच्या आढ्याला टांगलेली मुलाची सायकल खाली उतरवली. त्यांचा संदीप कॉलेजात असताना घेतलेली, जाड टायरची, गियरवाली. तो मुंबईला गेला तेव्हापासून ती टांगलेलीच. समुद्राच्या हवेने तिचा रंग कोळंबीसारखा झालेला. आणि तिला गियर किती, तर हँडलच्या दोन्ही बाजूंना खटके. नानांना ते बघूनच घाम फुटला असणार.

"हिचे सगळे गियर काढायचे," गणपती गेल्यावर त्यांनी मला सांगितलं. "एक ठेवायचा."

"नाना, रत्नागिरीत? इथे भाजी आणायची तरी चढ चढावा लागतो. लोक गियर लावून घेतात, तुम्ही काढताय?"

"एकच हवा. आणि चेन पडता कामा नये. बाकी काय नको."

सायकलवाल्याने सायकल बघून सांगितलं, काका, हिच्यावर खर्च करण्यापेक्षा नवीन घ्या. नानांनी ती तशीच ढकलत परत आणली. विकत काही आणायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पेन्शन औषधांत जाते, हे मला ठाऊक होतं.

औषधं माईंची. माई म्हणजे त्यांची बायको. दोन-तीन वर्षांपासून माई विसरत चालल्या आहेत. आधी भाजीत मीठ, मग शेजाऱ्यांची नावं, मग संदीपचं नाव. आळीत सगळ्यांना माहीत आहे, पण नानांसमोर कोणी बोलत नाही. दिवसभर त्या शांत असतात. दिवे लागायची वेळ झाली की मात्र पिशवीत एक लुगडं आणि फणी भरतात आणि दाराशी येऊन उभ्या राहतात. त्यांना अंजनवेलला जायचं असतं, माहेरी. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी नाना न्हाणीघरात असताना माई मागच्या दाराने निघून गेल्या. भाट्याच्या पुलावर एका रिक्षावाल्याला दिसल्या, भर पावसात, पिशवी छातीशी धरून. त्याने आणून सोडलं. संदीप धावत आला. दोन दिवस राहिला आणि जाताना स्पष्ट सांगून गेला, "बाबा, पुन्हा असं झालं तर दिवाळीनंतर आईला पनवेलला ठेवायचं. तिथे अशा लोकांची सोय आहे. तुमच्याने होत नाही हे."

मुलगा वाईट नाही. घाबरलेला आहे.

म्हणून मला नानांचा राग येत होता. बायको घरातून निसटते, मुलगा तिला न्यायला टपलाय, आणि हा माणूस माझ्या ओट्यावर बसून सायकल पिळतोय. माईंना शेजारी खुर्चीत बसवून ठेवायचे, एवढं बरं. त्या पिठाच्या डब्यांकडे बघत बसायच्या.

काम पाहायला मजा होती, हे मात्र मी नाकारत नाही. खटके गेले, केबली गेल्या. मागच्या चाकाला दातेरी चकत्यांचा झुबका होता, तो सुटा केला आणि एकच चकती ठेवली. बाकीच्यांच्या जागी पोकळी राहिली. ती भरायला नानांनी न्हाणीघराचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप आणला, हॅक्सॉने त्याच्या बांगड्या कापल्या आणि चकतीच्या दोन्ही बाजूंना भरल्या. बांगड्या बरोब्बर बसल्या तेव्हा माईंनी टाळ्या वाजवल्या. कशाला, ते त्यांनाच माहीत.

मग चेन आखूड करायची. त्याचं हत्यार वेगळं असतं, आमच्याकडे होता खिळा आणि हातोडा. पिन अर्धीच बाहेर काढायची असते, म्हणजे परत ठोकता येते. नानांनी एक घाव जास्त घातला आणि पिन उडाली ती थेट देसाईबाईंच्या नाचणीच्या पिठात.

देसाईबाई डब्याजवळच उभ्या होत्या. "आता आंबोळीत सायकल निघणार काय गो सुनंदा?"

धान्यातले खिळे धरायला गिरणीत लोहचुंबक असतं, ते पिठात फिरवून पिन काढली. पीठ दोनदा चाळून दिलं. तरी बाई जाताना म्हणाल्याच, "नानांची चकती आणि गिरणीची चक्की एक झाली की काय?"

चेन जोडली तर ती सैल. साध्या सायकलीला चाक मागे ओढायला खाच असते, हिला नव्हती. नाना दोन दिवस नुसते तिच्याकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी काढून टाकलेला जुना गियर परत घेऊन आले, तो चेन इकडून तिकडे ढकलणारा लोंबता दांडा, आणि परत बसवला.

"अहो, हा तर काढला होता ना?"

"काढला होता. आता त्याचा स्क्रू आवळून टाकलाय. बदली बंद. एका जागी बसायचं आणि चेन ताणून धरायची."

"म्हणजे पेन्शनर."

"माझ्यासारखाच," नाना म्हणाले. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

चकती त्यांनी सगळ्यात मोठी ठेवली होती. तिच्यावर पाय मिक्सरसारखे फिरतात आणि सायकल गोगलगायीसारखी जाते. गियर काढल्यावर पहिल्यांदा आळीतून चालवली तेव्हा एक कुत्रं शेजारून चालत आलं आणि कंटाळून पुढे निघून गेलं. माझ्या गिरणीसमोर वळणावर एक खड्डा आहे. दर पावसाळ्यात पडतो, आणि कोणीतरी बुजवायला हवा असं आम्ही सगळे दर पावसाळ्यात म्हणतो. त्या खड्ड्यात नाना मुद्दाम गेले. परत मागे आले, परत गेले. चेन पडली नाही.

"पण एवढी मोठी चकती कशाला? वेग नाही काही नाही," मी म्हटलं.

"घाईची गाडी नाही ही."

मग मागे कॅरिअर आलं, कोणाच्या तरी भंगारातलं. मग माझा पाना गेला ते कॅरिअर आवळायला. मग माझ्या गिरणीच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा गेला आणि एक गोणपाटही गेलं. मला वाटलं, नारळ आणायचे असतील.

तर आज मला पाना हवा होता. दिवसभर पकडीने खटपट केली, नट हलेना. संध्याकाळी पिठाचे हात तसेच घेऊन निघणार, एवढ्यात समोरचं दार उघडलं. माई उंबऱ्यात उभ्या होत्या. लुगडं चापून नेसलेलं, वेणीत अबोली, हातात ती पिशवी.

"गाडी लागली काय हो?" त्यांनी विचारलं.

अंगणात नाना सायकल धरून उभे होते. सदऱ्याची वरची गुंडी लावलेली. त्यांनी घसा साफ केला आणि मी वर्षानुवर्षं स्टँडवर ऐकलेला आवाज काढला. "रत्नागिरी-अंजनवेल, हातखंबा, संगमेश्वर, चिपळूण, शृंगारतळीमार्गे जाणारी गाडी लागत आहे."

"थेट आहे ना?"

"थेट आहे."

"मागची नको ना बघायला?"

"हीच गाडी. बसा."

माई कॅरिअरवर बसल्या. गोणपाटाची गादी झाली होती, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना लाकडाच्या खुंट्या होत्या आणि माझ्या पट्ट्याचा तुकडा त्यांच्या कमरेभोवती बांधलेला होता. माईंनी नानांचा सदरा पाठीमागून मुठीत धरला. नानांनी पायडल मारलं.

मी गिरणीच्या दारातच राहिले. विजेच्या खांबापाशी घंटी वाजली, "हातखंबा." पाण्याच्या टाकीजवळ गाडी थांबली. "चिपळूण. गाडी थोडा वेळ थांबेल, खाली उतरू नये." नानांना दम लागला होता, ते टाकीला टेकून उभे राहिले. माई ऐटीत बसून होत्या. पुढे चढ आहे, तिथे ते उतरले आणि सायकल ढकलत नेली. मग वळसा घालून परत आळीत. वळणावरच्या खड्ड्यात सायकल जोरात आदळली, माई "अग्गो बाई" ओरडल्या, आणि नानांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी आधी चेनकडे पाहिलं. मग मागे वळून माईंकडे.

"चेन नाय पडली," ते मला म्हणाले, मी विचारलं नव्हतं तरी. "पहिल्यांदा गियर होते तेव्हा पुढे दांड्यावर बसवली, तर चेन पडली, झटका बसला. घाबरली. आठ दिवस बसायला तयार नव्हती, आणि तेवढ्यातच ती पुलावर गेली. रिक्षात घातली तर मधेच उतरू बघते. ह्याच्यावर बसते. लग्न झालं तेव्हा अशीच बसायची." दम घेऊन म्हणाले, "चार दिवस नेतोय, तू दळणाच्या गर्दीत असायचीस. एकदा फिरवून आणली की रात्रभर झोपते. उंबऱ्याकडे बघत नाही."

मग आवाज चढवून, "अंजनवेल. अंजनवेलवाले उतरा."

माई माझ्या ओट्यापाशी उतरल्या. माझ्याकडे नीट पाहिलं. पिठाने माझे केस पांढरे झालेले.

"वयनी, मी आले गो," त्या म्हणाल्या.

त्यांची वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. मला नाटकं जमत नाहीत. पण दारात आलेल्या माणसाला काय म्हणायचं ते कळतं.

"आलीस? बस. पाणी देते."

माई बसल्या, घटाघट पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो गाडीवरचा. सांभाळून आणलं." आणि मग एकदम काळजीने, "आमच्या ह्यांना कळवायला हवं पण, मी पोचले म्हणून. जेवायचे थांबतील. कोण कळवील?"

नाना सायकलच्या चेनवर बोट फिरवत उभे होते. वर न बघता म्हणाले, "मी कळवतो, बाई. स्टँडवरनं फोन लावतो."

"विसरू नका हां."

"नाही विसरणार."

मी आत गेले आणि ग्लास विसळला. तो आधीच स्वच्छ होता. पाना मागायचं राहून गेलं. पकडीनेच नट काढले, हाताची साल निघाली.

११ ऑक्टोबर. सकाळी पूजेच्या आधी घमेलं घेतलं. मागच्या अंगणात कंपाउंडच्या कामातले चिऱ्याचे तुकडे पडून होते, ते फोडले. खड्ड्यातलं पाणी उपसलं, खाली मोठे तुकडे, वर चुरा आणि माती घातली आणि पहारीच्या बुंध्याने ठोकून घेतलं. मग वर उभी राहून चार उड्या मारून पाहिल्या.

देसाईबाई झेंडू घेऊन चालल्या होत्या. थांबल्या. "काय गो सुनंदा, गिरण सोडून रस्त्याचं कंत्राट घेतलंस काय?"

"इथून गाडी जाते," मी म्हटलं, आणि आणखी एक घमेलं माती ओतली.